रिटर्न भरताना आकडे जुळत का नाहीत?

पगारदाराचं आयकर रिटर्न म्हणजे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) समोर ठेवून दहा मिनिटांत उरकायचं काम, असा सार्वत्रिक समज आहे. कर काढण्यापुरता तो खराही आहे, कारण बेरीज-वजाबाकी पोर्टल स्वतःच करतं. वेळ खातं ते जुळवाजुळवीचं काम. एक आकडा क्लायंट तोंडी सांगतो, दुसरा कागदावर असतो आणि तिसरा आयकर विभागाकडे आधीच जाऊन बसलेला असतो. हे तिन्ही एकमेकांशी जुळणं विरळाच. फरक कुठून आला हे शोधणं, आणि जो आकडा कायद्याने बरोबर आहे तोच भरणं, हे करसल्लागाराचं खरं काम.

पुढचे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नचे आहेत. वर्ष बदललं की आकडे बदलतात, अडचणी मात्र त्याच राहतात.

आधी एआयएस, मग बाकी सगळं

पॅनवर जमा झालेली माहिती दोन ठिकाणी दिसते. २६एएस या करजमा विवरणात मुख्यतः पैसे देताना कापलेला कर (टीडीएस) आणि विक्रीच्या वेळी गोळा केलेला कर (टीसीएस) दिसतो. नोव्हेंबर २०२१ पासून आलेल्या एआयएसचा, म्हणजे वार्षिक माहिती विवरणाचा, पसारा मोठा आहे: बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, घराची खरेदी-विक्री, परदेशी पाठवलेले पैसे, असं बरंच काही. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या इंग्रजी लिपीत आणि त्याला लागून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. निम्मे क्लायंट इथेच अडतात आणि ‘फाइल खराब आहे’ म्हणून फोन करतात.

घाई करून एप्रिल-मे महिन्यात रिटर्न भरण्यात अर्थ नसतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ द्यायची १५ जून. त्याआधी भरलं तर शेवटच्या तिमाहीचा कापलेला कर पोर्टलवर दिसतच नाही. मग तो कर अमान्य होतो आणि नाहक मागणीची नोटीस येते. जूनचा दुसरा पंधरवडा ही सुरुवात करायची योग्य वेळ.

सगळ्यात जास्त गोंधळ व्याजाचा. क्लायंट पासबुकातल्या नोंदी मोजतो. पण पाच वर्षांची संचयी एफडी असेल, तर पैसे हातात आलेले नसतानाही बँक दरवर्षी व्याज धरते, त्यावर टीडीएस कापते आणि विभागाला कळवते. ‘मला तर अजून काहीच मिळालं नाही’ हे म्हणणं खरं असतं, तरी एआयएसमध्ये आकडा दिसतोच. ते व्याज दरवर्षी दाखवत जाणं हा सरळ मार्ग. मुदत संपल्यावर एकदम दाखवायचं ठरवलं, तर कापलेल्या कराचं श्रेयही त्याच वर्षी मागावं लागतं, आणि पाच वर्षांपूर्वीचा टीडीएस तेव्हा शोधत बसायला कुणाला वेळ असतो? शिवाय एक वर्ष असं आणि दुसरं वर्ष तसं चालत नाही. एक पद्धत धरली की ती सोडायची नाही.

संयुक्त एफडीचा तिढा वेगळा. व्याज आणि टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातं. पैसे आईचे, पण सोयीसाठी पहिलं नाव मुलाचं, असं घरोघरी असतं. कर भरायचा तो ज्याचे पैसे त्याने. पण विभागाला दिसतो मुलगा. बँकेला तसं लेखी कळवून टीडीएस आईच्या पॅनवर घेता येतो. मात्र हे आधी करावं लागतं, जुलैत आठवून उपयोग नसतो. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि तिने त्याची एफडी केली, तर ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, ठेवीवर नाव कुणाचंही असो.

याच्या उलट, एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न नाही असंही नसतं. पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर बहुतेक वेळा टीडीएस कापत नाहीत, त्यामुळे ते व्याज कुठेच दिसत नाही. ते करपात्र मात्र असतंच. ‘तुमची पतसंस्थेत ठेव आहे का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात प्रत्येक क्लायंटला विचारायलाच हवा, आणि तोही दोनदा, कारण पहिलं उत्तर हमखास ‘नाही’ असतं.

एआयएसमधली नोंद चुकीची असेल, दोनदा आली असेल किंवा दुसऱ्याची असेल, तर तिथेच प्रतिसाद नोंदवायची सोय आहे. तो नोंदवून त्याची प्रत जपून ठेवावी आणि रिटर्नमध्ये खरा आकडा भरावा. बँक नोंद दुरुस्त करील म्हणून मुदत टळेपर्यंत वाट पाहू नये.

वर्षात दोन नोकऱ्या

नोकरी बदललेला क्लायंट दोन फॉर्म १६ घेऊन येतो. दोन्हींवर कर शून्य, म्हणून खुशीत असतो. हिशेब पाहा. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत ६,००,००० पगार. तिने ७५,००० ची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) दिली, उरले ५,२५,०००. नव्या प्रणालीत, म्हणजे कमी दराच्या पण बहुतेक वजावटी नसलेल्या पद्धतीत, त्या वर्षी सात लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट होती, म्हणून कर शून्य. ऑक्टोबर ते मार्च दुसऱ्या कंपनीत ७,५०,०००. तिनेही ७५,००० वजा केले, उरले ६,७५,०००, कर पुन्हा शून्य. जुन्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून कळवायचा असतो, तो कुणीच कळवला नाही.

प्रत्यक्षात पगार १३,५०,००० आणि प्रमाणित वजावट एकदाच. करपात्र उत्पन्न १२,७५,०००. तीन ते सात लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. सात ते दहावर १० टक्के म्हणजे ३०,०००. दहा ते बारावर १५ टक्के म्हणजे ३०,०००. वरच्या ७५,००० वर २० टक्के म्हणजे १५,०००. झाले ९५,०००, त्यावर ४ टक्के उपकर धरून ९८,८००. आगाऊ कर भरलेला नाही, म्हणून कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज. जुलैत कर भरला तरी दोन्ही मिळून नऊ हजारांच्या आसपास जातं. शून्याच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला लाखभर रुपये भरायला सांगणं हा या धंद्यातला सगळ्यात नकोसा प्रसंग. त्याला हे जानेवारीतच कळलं असतं, तर उरलेल्या दोन-तीन पगारांतून कर कापून घेता आला असता आणि व्याज बरंच कमी लागलं असतं.

जुनी प्रणाली की नवी?

आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते; जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल, तर ही निवड दरवर्षी रिटर्नमध्येच करता येते, आणि कंपनीने नव्या प्रणालीने कर कापला असला तरी करता येते. अट एकच: रिटर्न मुदतीत हवं. उशीर झाला की जुनी प्रणाली हातची जाते. धंदा-व्यवसाय असलेल्यांना त्यासाठी मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

ढोबळ सल्ला इथे कामाचा नाही. पुण्यातल्या एका पगारदाराचा हिशेब घेऊ. वर्षाचा पगार १२,००,०००. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता ६,००,०००, घरभाडे भत्ता २,४०,०००. प्रत्यक्ष भाडं महिना १८,०००, म्हणजे वर्षाला २,१६,०००. क्लायंटला वाटतं की भरलेलं सगळं भाडं माफ. नियम तीन आकड्यांतला सगळ्यात लहान घ्यायला सांगतो: मिळालेला भत्ता २,४०,०००, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ४० टक्के, तेही २,४०,०००, आणि भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा करून, म्हणजे २,१६,००० वजा ६०,०००, बरोबर १,५६,०००. माफ होतात ते १,५६,०००. ५० टक्क्यांचा नियम फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांना. पुण्यात भाडी कितीही चढली तरी २०२४-२५ साठी पुणे ४० टक्क्यांतच.

आता जुन्या प्रणालीत या १,५६,००० सोबत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी खालच्या गुंतवणुकीचे पूर्ण १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा करा. उरतात ८,१६,५००. उपकरासह कर सुमारे ७८,८३०. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० वजा होऊन ११,२५,००० वर कर ७१,५००. म्हणजे इतक्या पावत्या गोळा करूनही नवीच सात हजारांनी स्वस्त. पण याच माणसाने एनपीएस या पेन्शन योजनेत स्वतःचे ५०,००० भरले असतील, तर ८०सीसीडी(१बी) खाली ते जास्तीचे वजा होतात, जुन्या प्रणालीतला कर ६८,४३० वर येतो आणि पारडं फिरतं. एका पावतीवर उत्तर बदलतं, म्हणून दोन्ही हिशेब दरवर्षी मांडावेच लागतात.

जुनी प्रणाली घेणाऱ्यांची कागदपत्रंही वाढली आहेत. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून फॉर्ममध्ये नुसती रक्कम भरून भागत नाही. आरोग्य विम्याची कंपनी आणि पॉलिसी क्रमांक, ८०सी च्या गुंतवणुकीचा क्रमांक, गृहकर्ज असेल तर बँक, कर्ज खातं, मंजुरीची तारीख आणि शिल्लक कर्ज, हे सगळं मागतात. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि तो द्यायला घरमालक तयार नसतो. ‘मग ९९,००० दाखवा’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला ऐकायचा नाही. करारात आणि बँक खात्यात भाडं दिसतच असतं. आईवडिलांना भाडं देत असाल तर चालतं, पण पैसे खात्यातून गेले पाहिजेत, घर त्यांच्या नावावर पाहिजे आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दिसलं पाहिजे. हा तिसरा भाग लोक सोयीने विसरतात.

राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांच्याकडे आणखी एक गोष्ट तपासायची: वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम. मागच्या वर्षांचा पगार एकाच वर्षात हातात पडल्याने कर वाढतो, त्यासाठी कलम ८९ चा दिलासा आहे आणि तो नव्या प्रणालीतही मिळतो. पण रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरलेला हवा. कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये दिलासा दिला असला तरी १०ई नसेल, तर रिटर्न तपासणारं बंगळुरूचं केंद्र तो काढून टाकतं आणि मागणी पाठवतं.

शेअर, फंड आणि २३ जुलै

‘मला तोटा झालाय, मग दाखवायचं कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर: विक्रीची पूर्ण रक्कम विभागाला दिसते, तोटा दिसत नाही. तो तुम्ही दाखवला तर पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, आणि तेही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून.

२०२४-२५ हे वर्ष मधोमध कापलेलं होतं. सूचीबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांवर २३ जुलै २०२४ च्या आधी अल्प मुदतीच्या नफ्याला १५ टक्के, दीर्घला १० टक्के. त्या तारखेपासून २० आणि १२.५ टक्के. दीर्घ मुदतीची माफी वर्षभरासाठी सव्वा लाख. त्यामुळे प्रत्येक विक्री तारखेनुसार दोन ढिगांत टाकावी लागली.

एसआयपी ही एक गुंतवणूक वाटते, पण हिशेबात तिचा प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते. तीन वर्षांची एसआयपी एकदम मोडली तर छत्तीस खरेद्या, आणि त्यातले शेवटच्या बारा महिन्यांतले हप्ते अल्प मुदतीचे. अर्धीच मोडली तर आधी घेतलेली युनिटं आधी विकली असं धरतात. एका योजनेतून दुसरीत केलेलं ‘स्विच’ ही सुद्धा विक्रीच. पैसे खात्यात आले नाहीत म्हणून क्लायंट ती सांगत नाही. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांकडून भांडवली नफ्याचं तयार विवरण ईमेलवर मागवता येतं, ब्रोकरकडून नफा-तोट्याचं विवरण (टॅक्स पी अँड एल) मिळतं. खरेदीची किंमत एआयएसमधून उचलू नये. बोनस शेअर किंवा एका डीमॅटमधून दुसऱ्यात हलवलेले शेअर असले की ती भलतीच निघते. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे शेअर असतील तर त्या दिवशीचा भावही लागतो.

इंट्राडे (त्याच दिवशी केलेली शेअरची खरेदी-विक्री) हा सट्ट्याचा धंदा आणि एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) हा साधा धंदा मानला जातो. दहा हजारांचा एफ अँड ओ केलेला पगारदारही त्यामुळे आयटीआर-३ या धंद्याच्या रिटर्न फॉर्ममध्ये जातो. मग ‘गेल्या वर्षी तर एका पानात झालं होतं’ ही तक्रार ऐकावी लागते.

फॉर्म चुकला की सगळं चुकलं

आयटीआर-१ सोपा, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. उत्पन्न ५० लाखांपर्यंत, पगार किंवा पेन्शन, एक घर, व्याज-लाभांश, शेतीचं उत्पन्न ५,००० पर्यंत आणि आकारणी वर्ष २०२५-२६ पासून शेअर-फंडांचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा, एवढंच त्यात बसतं. कंपनीचा संचालक किंवा बिगरसूचीबद्ध शेअर असलेला माणूस त्यात बसत नाही. गावाकडे ऊस असलेला पगारदारही ५,००० च्या वर गेला की आयटीआर-२ मध्ये. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी बाकी उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं.

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांत परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळालेले लोक इथे हमखास फसतात. शेअर हाती आले तेव्हाच त्यांची किंमत पगारात धरून कर कापलेला असतो, म्हणून विषय संपला असं त्यांना वाटतं. पण ते शेअर ही परदेशी मालमत्ता आहे आणि रहिवासी करदात्याने ती परिशिष्ट एफएमध्ये दाखवायलाच हवी, एकही शेअर विकला नसला तरी. त्यातही गंमत अशी की हे परिशिष्ट आर्थिक वर्षाचं नसतं. ते ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचं असतं. अमेरिकेत लाभांशावर २५ टक्के कर आधीच कापतात. त्याचं श्रेय हवं असेल तर फॉर्म ६७ भरावा लागतो. परिशिष्ट न भरल्याचा दंड काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही, पण दंड नाही म्हणून माहिती द्यायची नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

गोव्यात तर नवरा-बायकोचं गणितच निराळं. पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या सामायिक मालमत्तेच्या पद्धतीमुळे कलम ५ए लागू होतं: पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा यांचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. परिशिष्ट ५ए मध्ये जोडीदाराचा पॅन आणि प्रत्येक सदरातली रक्कम लिहायची, टीडीएसही वाटायचा. आयटीआर-१ इथे चालत नाही. पणजीतला बँक कर्मचारी पगार आणि एफडी एवढंच असूनही आयटीआर-२ भरतो तो यामुळे. लग्नापूर्वी करार करून वेगळी पद्धत घेतलेल्या जोडप्यांना मात्र हे लागू नाही.

चुकीचा फॉर्म भरला तर कलम १३९(९) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. दुर्लक्ष केलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं.

‘रिफंड काढून द्या’

ऑफिसातल्या मित्राला चाळीस हजार परत मिळाले, तर मला का नाही, असं विचारणारे दरवर्षी येतात. मित्राने बहुधा राजकीय पक्षाला देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज किंवा न भरलेलं भाडं दाखवलेलं असतं आणि रिफंडवर टक्केवारी घेणाऱ्या कुणीतरी ते भरून दिलेलं असतं. १४ जुलै २०२५ ला विभागाने अशा रिटर्न भरून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्के, आणि तो करदात्याने भरायचा. टक्केवारी घेणारा तोवर फोन उचलत नाही. क्लायंटकडे पावती मागणं आणि ती नसेल तर वजावट न घेणं यात वाईटपणा येतो, तो घ्यावा. आधीच घेतलेली खोटी वजावट अद्ययावत रिटर्न भरून काढून टाकता येते. कर आणि व्याजावर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा भरावे लागतात आणि उशीर वाढेल तसा हा आकडा वाढतो.

ओटीपी, नावं आणि नोटिसा

पोर्टलवर जुन्याच सल्लागाराचा मोबाइल आणि ईमेल असणं ही फार साधी आणि फार महागात पडणारी गोष्ट. पंधरा दिवसांची नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि करदात्याला पत्ताही नसतो. नवं काम हातात घेतल्यावर पहिलं पाऊल म्हणजे तिथे क्लायंटचा स्वतःचा नंबर घालणं.

रिटर्न भरून झाल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते; आधारचा ओटीपी, नेट बँकिंग, नाहीतर सही केलेली पावती टपालाने बंगळुरूला. इथे बारकावा आहे. ३० दिवस उलटून गेल्यावर पडताळणी केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्नचा दिवस. मुदतीच्या आत भरलेलं रिटर्न असं उशिराचं ठरतं: पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क, पुढे न्यायचा तोटा गेला, जुनी प्रणालीही गेली. आधारला जोडलेला नंबर गावाकडे भावाकडे असेल, तर भाऊ फोनवर असतानाच बसावं, कारण ओटीपी फार वेळ टिकत नाही.

रिफंड अडकतो तो बहुतेक वेळा बँक खात्यामुळे. लग्नानंतर बाईंचं पॅन माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या, आणि आधारवर नावांचा क्रमच वेगळा, अशा वेळी खात्याची पूर्वपडताळणी होत नाही. बँक विलीन होऊन आयएफएससी बदललेला असतो, तेव्हाही तेच.

नंतर कलम १४३(१) ची सूचना येते. ती ‘फाइल पास झाली’ म्हणून न वाचता बाजूला ठेवतात. त्यात दोन स्तंभ असतात: तुम्ही भरलेलं आणि विभागाने मोजलेलं. ओळीओळीने ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. फरक विभागाच्या नजरचुकीचा असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागता येते. आपलाच असेल तर रक्कम भरून मोकळं व्हावं. कारण ती मागणी तशीच राहिली, तर पुढचा रिफंड कलम २४५ खाली तिच्यात वळता करून घेण्याची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला २१ दिवस असतात, आणि चार वर्षांपूर्वी भरलेलं चलन दाखवता आलं नाही तर रिफंड तिकडेच वळतो.